सिंहगड-भुलेश्वर रांगेचा एकच नकाशा करा: पुण्यातल्या सगळ्या ऑफिसांना मिळून एक खुलं पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, मुख्य वनसंरक्षक, महापालिका आयुक्त, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण (एनएचएआय), जिल्हा परिषद, फुरसुंगी-उरुळी देवाची नगरपरिषद, आणि हवेली, पुरंदर, भोर, दौंड या तालुक्यांतल्या डोंगराकडेच्या सगळ्या गावांचे सरपंच

सगळ्यांना नमस्कार.

एवढ्या सगळ्यांना एकच पत्र लिहितोय कारण वेगवेगळी पत्रं लिहून झाली, फोन करून झाले, आणि खरं सांगायचं तर कुणी उडवून लावलं नाही, प्रत्येकानं आपापली हद्द नीट समजावून सांगितली. रस्ता यांचा, रस्त्याकडेचा डोंगर त्यांचा, डोंगराखालचं प्लॉटिंग तिसऱ्याचं, तिथला कचरा चौथ्याचा. सगळं बरोबर आहे कागदावर. पण जनावर रात्री ज्या वाटेनं जातं ती वाट यातल्या कुणाच्याच फाइलमध्ये नाही, आणि म्हणून ती रोज थोडी थोडी बंद होतेय.

मी ज्या डोंगराबद्दल बोलतोय तो तुम्हा सगळ्यांच्या रोजच्या नजरेतला आहे. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून सिंहगडाकडून एक रांग पूर्वेला निघते, कात्रज, मग बोपदेव घाट, मग दिवे घाट, मग सोनोरीचा मल्हारगड, ढवळगड, आणि शेवटी यवतच्या वरती भुलेश्वर. शाळेच्या भूगोलात भुलेश्वर रांग म्हणून शिकलेलो असतो आपण. पश्चिमेच्या टोकाला पावसाची झाडी, पूर्वेच्या टोकाला कोरडं माळरान, आणि मध्ये सलग डोंगर, म्हणजे घाटातलं जनावर माळापर्यंत आणि माळावरचं घाटापर्यंत जाऊ शकेल अशी ही एकच वाट पुण्याच्या दक्षिणेला उरलीय. बिबट्या आहे, तरस आहे, सायाळ, रानमांजर, कोल्हा, खोकड आहे, पूर्वेकडे उतरलं की लांडगा आणि चिंकारा.

चिंकाऱ्यासाठी आपण सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य केलं, 1997 साली, चांगली गोष्ट झाली. पण ते आहे केवढं, तर जेमतेम 5 चौरस किलोमीटर. एवढ्यात चिंकाऱ्याचा कळप पिढ्यानपिढ्या कसा राहील? तो बाहेर पडतोच, गायरानात, पडीक रानात, कुणाच्या तरी खाजगी माळावर, आणि लांडग्याला तर एवढी जागा एका रात्रीच्या फिरण्यालाही पुरत नाही. अभयारण्याची पाटी लावून काम संपत नाही, एका तुकड्यापासून दुसऱ्या तुकड्यापर्यंत जायला मोकळी जागा पाहिजे, नाहीतर आतल्या आत तेच तेच जनावर वाढतं, रक्त नवं येत नाही, आणि एखादा रोग आला की सगळं साफ.

आता या रांगेला आडवं काय काय गेलंय बघा. कात्रजला बंगळुरू हायवे. तिथे निदान बोगदे आहेत, जुनाही आणि नवाही, त्यामुळे वरून डोंगर अजून जोडलेला आहे. मग बोपदेवचा रस्ता, जो कोंढवा-येवलेवाडी वाढल्यापासून रात्रीसुद्धा थांबत नाही. मग दिवे घाट, तिथे पालखी मार्गाच्या चौपदरीकरणासाठी डोंगर कापायचं काम काढलंय. त्यात एमएसआरडीसीचा रिंगरोड मावळ, खेड, हवेली, पुरंदर, भोर, मुळशी असा फिरणार. पलीकडे पुरंदरच्या सात गावांमध्ये विमानतळ. विमानतळ व्हावा की नाही हा वाद या पत्राचा नाही, ज्यांच्या जमिनी जातायत ते त्यांचं म्हणणं मांडतायत आणि त्यांनी मांडलंच पाहिजे, माझं म्हणणं एवढंच की या प्रत्येक प्रोजेक्टचा पर्यावरणाचा रिपोर्ट वेगळा, सल्लागार वेगळा, आणि प्रत्येक रिपोर्ट फक्त आपल्या पट्ट्यापुरता बघतो. प्रत्येकाचा परिणाम वेगवेगळा काढला तर थोडाच निघणार. सगळे एकत्र ठेवले की काय होतं हे बघायचं काम कुणाचंच नाही.

आणि गावांची हद्द तरी कुठे एका जागी आहे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 साली ग्रामपंचायतीतून महापालिकेत गेली, 2024 ला महापालिकेतून बाहेर काढून वेगळी नगरपरिषद झाली. सात वर्षांत तीन मालक. 2021 ला आणखी 23 गावं महापालिकेत आली. प्रत्येक वेळी दप्तर हलतं, टेबल बदलतं, आधीच्या ऑफिसात कुणाला तरी माहिती असलेली गोष्ट पुढच्या ऑफिसात पोचतच नाही. डोंगर जिथे होता तिथेच आहे.

मागच्या हिवाळ्यात पहाटे बोपदेवच्या उतारावर एक तरस पडलेलं दिसलं, गाडीनं उडवलेलं. मादी होती, दुधावर असलेली कळत होती, म्हणजे पिल्लं वर कुठेतरी कपारीत असणार. मागचा भाग चिरडलेला पण श्वास चालू होता, डोळे उघडे. मी रस्त्यावर गाडी आडवी लावून फोन सुरू केले. एका ऑफिसनं सांगितलं रस्त्यावरचं आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यानं विचारलं घाटाच्या नक्की कुठल्या बाजूला, कारण रस्त्याच्या अलीकडे वनरक्षकाचं एक बीट, म्हणजे गस्तीची हद्द, आणि पलीकडे दुसरं. तिसऱ्याकडे फोन उचलायला कुणी नव्हतं, पहाटेची वेळ, समजू शकतो. शेवटी एक वनरक्षक स्वतःच्या मोटारसायकलवरून आला, मागे पोतं आणि दोरी बांधलेली, ते त्याचं बीट नव्हतंच, पण फोन त्याला लागला म्हणून आला. तोपर्यंत जनावर गेलं होतं. त्यानं पंचनामा कुणाच्या हद्दीत लिहायचा हे विचारायला वरती फोन लावला आणि रस्त्याकडेला बसून राहिला, मीही बसलो. त्या माणसावर माझा काडीचा राग नाही, उलट त्याच्यासारखी माणसं आहेत म्हणून थोडंफार टिकलंय. पण एका गार्डला असं भलत्याच हद्दीत धावावं लागतं ही तुमच्या सगळ्यांच्या मध्ये राहिलेली फट आहे.

त्याच भागातली आणखी एक गोष्ट सांगतो, ही लहान वाटेल पण सगळा विषय हिच्यात आहे. रस्त्याखाली एक जुनी मोरी आहे, ओढ्याची, माणूस थोडा वाकून आत जाईल एवढी. पावसाळा संपला की तिच्यात गाळ बसतो आणि त्या गाळावर पावलं उमटतात. तरसाची ओळखायला सोपी, पुढचा पंजा मोठा, मागचा लहान, नखं उमटलेली. सायाळीची फरफटलेल्या काट्यांच्या रेघांसकट. म्हणजे जनावरं रस्ता टाळून खालून जात होती, कुणी शिकवलं नव्हतं, कुणी खर्च केला नव्हता, आपोआप झालेला अंडरपास होता तो. मग एका बाजूला फार्महाऊसचं प्लॉटिंग पडलं आणि ओढ्यापर्यंत जाळीचं कंपाउंड आलं. दुसऱ्या बाजूला रात्रीचे डंपर राडारोडा ओतायला लागले. आता मोरीचं एक तोंड निम्मं बुजलंय. यात वन्यजीव म्हणून एकही नियम मोडला गेला नाही, कारण ती मोरी जनावरांची वाट आहे असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. प्लॉटिंगवाल्याला विचारलं तर तो म्हणाला मला कुणी सांगितलं असतं तर कंपाउंड दहा फूट आत घेतलं असतं. माझा त्याच्यावर विश्वास बसला.

कॉरिडॉर, म्हणजे जनावरांची ये-जा करायची सलग वाट, पाण्याच्या पाइपलाइनसारखा असतो, एका ठिकाणी फुटली की पुढच्या सगळ्या घरांचं पाणी बंद, बाकीची लाइन कितीही चांगली असो. म्हणून नुसत्या वनविभागानं आपल्या हद्दीत झाडं लावून हे होणार नाही, आणि नुसत्या एनएचएआयनं एक अंडरपास बांधूनही होणार नाही, जर त्या अंडरपासच्या तोंडाशी उद्या ग्रामपंचायतीनं मंगल कार्यालयाला परवानगी दिली तर.

कायदा नाही असंही नाही हो. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं वनं आणि वन्यजीव समवर्ती सूचीत आले, म्हणजे दिल्ली आणि मुंबई दोघांचीही जबाबदारी. 74 व्या दुरुस्तीनं पर्यावरणाचं रक्षण शहरांच्या कामाच्या यादीत घातलं. आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्यातलं कलम 36 अ, जे 2002 च्या दुरुस्तीत आलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारी सरकारी जमीन राज्य सरकार संवर्धन राखीव म्हणून जाहीर करू शकतं, तिथल्या लोकांशी बोलून. पुढच्या कलमात व्यवस्थापन समिती आहे आणि त्या समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी घ्यायलाच लागतो. खाजगी किंवा गावच्या जमिनीसाठी 36 क आहे, समुदाय राखीव. आपल्याच राज्यात तिलारी संवर्धन राखीव 2020 साली जाहीर झालं, कोल्हापूर-सिंधुदुर्ग पट्ट्यात सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला दक्षिणेशी जोडण्यासाठी अशी आणखी राखीव क्षेत्रं झाली. मग पुण्याच्या रांगेला का नाही? वाघ नाही म्हणून? तरस आणि लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांचं संरक्षण वाघाच्याच बरोबरीचं आहे.

मिळून काम केलं तर काय होतं याचं उदाहरण लांब शोधायला नको, विदर्भात आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणारा नागपूर-शिवनी हायवे, एनएच 44. वर्षानुवर्षं भांडण चाललं, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी महामार्ग प्राधिकरण, राज्याचा वनविभाग आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था एका टेबलावर बसले आणि महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी जनावरांसाठी खालून मार्ग ठेवले, त्यातला सगळ्यात लांब 750 मीटरचा. 2019 ला मार्च ते डिसेंबर कॅमेरे लावून बघितलं तर 18 जातींची जनावरं तिथून जात होती, वाघ 89 वेळा गेलेले दिसले. वरून ट्रक चालू, खालून वाघ. हे आपल्याच इंजिनिअरांनी केलंय, परदेशातून कुणी आलं नव्हतं.

आणि न मिळून केलं की काय होतं तेही आपल्याच जिल्ह्यानं बघितलंय. जून 2013, कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ शिंदेवाडी. वरचा डोंगर बेकायदा फोडलेला, ओढ्याची वाट बदललेली, जोराचा पाऊस आला आणि सगळं पाणी हायवेवर उतरलं, एक आई आणि तिची छोटी मुलगी वाहून गेली. त्यानंतरही हेच विचारलं गेलं की ते उत्खनन कुणाच्या हद्दीत, परवानगी कुणाची. हा तोच डोंगर आहे. त्याचा उतार, ओढे, झाडोरा सलग राहिला तर तरस वाचतं आणि खालच्या रस्त्यावरचा माणूसही वाचतो, हे मी काही भावनेच्या भरात म्हणत नाहीये.

शहरात आलेल्या गव्याचं तर सगळ्यांना आठवत असेल. 9 डिसेंबर 2020, कोथरूड. गर्दी, आरडाओरडा, पळापळ, आणि शेवटी तो मेला. दोनच आठवड्यांत बावधन-पाषाणकडे दुसरा गवा आला, त्या वेळी गर्दी लांब ठेवली, त्याला वाट मोकळी करून दिली आणि तो परत जंगलात गेला, जिवंत. तेच शहर, तेच पोलीस, तोच वनविभाग, तीच महापालिका. दोन आठवड्यांत आपण शिकू शकतो हे त्या दिवशी दिसलं, म्हणूनच मी हे पत्र आशेनं लिहितोय.

आता एक गोष्ट टाळून चालणार नाही. कॉरिडॉर म्हटलं की शिरूर-जुन्नर-आंबेगावचा माणूस म्हणणार, आमची लेकरं मरतायत आणि तुम्हाला बिबट्याच्या रस्त्याचं पडलंय. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लेकरं गेली, त्यानंतर लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला, तो राग अगदी खरा आहे आणि त्या आईबापांपुढे बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. तिथल्या पट्ट्यात बिबट्या उसात जन्मतो, उसात वाढतो, तो प्रश्न वेगळा आहे आणि त्याला वेगळं, तातडीचं काम पाहिजे, शाळेत जायला गाडी पाहिजे, शेतीला दिवसा वीज पाहिजे, म्हणजे रात्री पाणी द्यायला जावं लागणार नाही. पण त्या भागानं एक धडा आधीच दिलाय. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नरला बिबटे धरून दुसरीकडे नेऊन सोडायचं सत्र झालं आणि हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात ते नीट मांडलंय. उचलून दुसरीकडे टाकलेलं जनावर बिथरतं. 2009 ला टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक मोठा नर बिबट्या, त्याला आजोबा नाव दिलेलं, कॉलर लावून माळशेजला सोडला तर तो कसाऱ्याचं रेल्वे स्टेशन, मुंबई-आग्रा हायवे, वसईची खाडी ओलांडून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या नॅशनल पार्कपर्यंत गेला, वाटेत एकाही माणसाला त्यानं हात लावला नाही. दोन वर्षांनी घोडबंदरकडे गाडीखाली मेला. वाट मोकळी असली की जनावर माणसाला टाळून निघून जातं, वाट तोडली की ते वस्तीत अडकतं आणि मग दोघांचंही वाईट होतं. म्हणून कॉरिडॉरचं काम हे गावकऱ्याच्या विरोधातलं काम नाही.

गावाकडून सहकार्य पाहिजे तर आधी गावाला दिलं पाहिजे. धनगराची मेंढी लांडग्यानं मारली तर पंचनाम्याला माणूस त्याच दिवशी आला पाहिजे, पैसे लवकर मिळाले पाहिजेत, कारण तो उद्या दुसऱ्या गावात असणार, तो तलाठ्याच्या ऑफिसला महिनोन्महिने चकरा कशा मारणार. लांडगा कुठून उतरतो, कुठे पाणी पितो, कुठली घळ वापरतो हे त्या धनगराला जेवढं माहितीय तेवढं कुठल्याच कन्सल्टंटला नाही, नकाशा करताना त्याला बोलवा आणि त्या दिवसाची मजुरी द्या. ज्या विहिरींना कठडे नाहीत त्यांना जिल्हा परिषदेनं कठडे बांधून द्यावेत, त्यात बिबटेही पडतात आणि पोरंही. आणि डोंगराच्या पायथ्याला कचरा टाकणं बंद करा, उरुळी-फुरसुंगीच्या डेपोनं काय केलंय ते तिथल्या लोकांना विचारा, कचऱ्यावर कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि माळावर कुत्र्यांमुळे लांडग्यांचे रोग आणि संकर, पुण्याजवळच्या लांडग्यांमध्ये कुत्र्याशी झालेला संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालेला आहे. कचरा हा महापालिकेचा विषय, लांडगा वनविभागाचा, पण प्रश्न एकच आहे.

तर मागणी सांगतो. जिल्हाधिकाऱ्यांनी पुढाकार घेऊन वर ज्यांची नावं लिहिली त्या सगळ्यांची एक बैठक बोलवावी, आणि ती दरवर्षी एकदा फोटोपुरती नको, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी व्हावी. सिंहगड ते भुलेश्वर या रांगेचा एकच नकाशा करा, गट नंबरासकट, त्यावर वनजमीन, गायरान, खाजगी, ओढे, मोऱ्या, पाणवठे, जनावरं गाडीखाली गेलेल्या जागा, सगळं. तो नकाशा पीएमआरडीएनं आपल्या आराखड्यात घ्यावा, प्रारूप आराखडा 2025 मध्ये रद्द झालाय, म्हणजे नव्यानं करताना घालायला जागा आहे. महापालिकेनं आपल्या टेकड्यांच्या आरक्षणाशी तो जोडावा. वनजमिनीच्या भागाला 36 अ खाली संवर्धन राखीव करायचा प्रस्ताव वनविभागानं करावा. एमएसआरडीसी आणि एनएचएआयनं या नकाशावर बघून मोऱ्यांची उंची-रुंदी ठरवावी, टेंडरच्या आधी, कारण नंतर प्रत्येक गोष्टीला व्हेरिएशन, म्हणजे ठरलेल्या कामात बदल, मग वाढीव खर्च, आणि शेवटी उत्तर नाही. भारतीय वन्यजीव संस्थेची रस्ते-रेल्वेसाठीची मार्गदर्शक पुस्तिका 2016 पासून तयार आहे, ती वापरा. आणि ग्रामपंचायतींनी एवढंच करावं की या पट्ट्यातल्या कंपाउंडच्या आणि बांधकामाच्या अर्जावर सही करायच्या आधी नकाशा उघडून बघावा, ओढ्याला दोन्ही बाजूंनी जागा सोडायला लावावी.

पैसे कुठून येणार असं विचारलं जाईलच, तर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती आहे, तिच्या आराखड्यात वनासाठी तरतूद असते, नकाशा आणि कठडे यांना तेवढी पुरेल. अंडरपासचा खर्च रस्त्याच्या खर्चातच धरायचा, जसा सिग्नलचा आणि गटाराचा धरता.

सगळ्यात घाई दिवे घाटाची आहे. तिथे मशीन लागलेल्या आहेत, महिन्यागणिक कापलेला भाग वाढतोय, एकदा काँक्रीट पडलं की खालून वाट काढणं जवळजवळ अशक्य होईल. त्यामुळे नकाशा पूर्ण व्हायची वाट न बघता वनविभाग आणि महामार्गाचे इंजिनिअर यांनी या आठवड्यात घाटात एकत्र चालावं, वडकीच्या बाजूनं वरपर्यंत, आणि कुठल्या ओढ्यावरची मोरी मोठी करायची ते जागेवर ठरवावं. वार कळवा, सासवड, दिवे, वडकी, बोपगावची रात्री-अपरात्री घाटातून येणारी-जाणारी माणसं आहेत, दूधवाले, भाजीचे टेम्पोवाले, मेंढपाळ, त्यांना मी घेऊन येतो, जनावर कुठे आडवं जातं ते ते बोट ठेवून दाखवतील.

आपला,
सासवड रस्त्यावरचा एक रहिवासी